गोधडीला किंमत लावली तेव्हापासून

या आठवड्याचं पत्र पुण्यातल्या सहकारनगरमधून आलं आहे. नाव छापू नये अशी विनंती आहे.

"ताई, मी ४९ वर्षांची आहे. मिस्टरांची नोकरी चाकणला. सकाळी सातला कंपनीची बस, रात्री आठला घरी. लेक गेल्या वर्षी नोकरीसाठी बेंगळुरूला गेली. दिवसभर घरी मी आणि सासूबाई. त्या ८३ वर्षांच्या आहेत. दोन वर्षांपूर्वी पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. आता वॉकर धरून बाथरूमपर्यंत जातात.

लेकीच्या बारावीच्या वर्षी ती रात्री अभ्यासाला बसायची, तिला सोबत म्हणून मी गोधडी शिवायला घेतली. तेव्हा फार बरं वाटायचं. मग भावजयीच्या बाळासाठी दुपटं, कुंची, टोपडं असा सगळा बाळंतविडा हाताने केला. त्याचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला आणि ऑर्डरी सुरू झाल्या. सगळे म्हणाले, घरबसल्या चार पैसे मिळतील, सोडू नकोस. एका दुपट्याचे मी ४०० रुपये घेते. आज ११ दुपट्यांच्या ऑर्डरी पडून आहेत आणि सुई हातात घेतली की रडू येतं.

लेक म्हणते, आई, पॉझिटिव्ह राहा. तिने एक वही आणून दिलीय, रोज रात्री तीन चांगल्या गोष्टी लिहायच्या. हल्ली मी 'चहा चांगला झाला' हेच तीनदा लिहिते. क्षणात जगा म्हणतात, पण माझा प्रत्येक क्षण कुठल्या ना कुठल्या गोळीच्या वेळेला बांधलेला. परवा सासूबाई कॉटवरून म्हणाल्या, 'धावदोरा वाकडा गेलाय गं.' मी दुपटं भिरकावलं आणि स्वयंपाकघरात जाऊन रडले. मी इतकी निगेटिव्ह कधी झाले? छंद बंद करून टाकू का?"

प्रिय मैत्रिणी,

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते, म्हणजे पुढचं निवांत वाचाल. छंद बंद करू नका. ऑर्डरी बंद करा. कायमच्या नाही, संक्रांतीपर्यंत. संक्रांतीला पुन्हा विचार करा, आणि तेव्हाही मन घेत नसेल तर आणखी पुढे ढकला.

"लोकांना शब्द दिलाय," असं लगेच तुमच्या मनात येईल. त्यातून मार्ग निघतो, त्याच्याकडे येतेच. त्याआधी एक हिशेब मांडू या, कारण मला वाटतं तो तुम्ही कधी मांडलाच नाही. मी दुपटी शिवली आहेत. वर-खाली मऊ सुती कापड, आत जुन्या साडीचा थर, कडेपासून मधोमध हाताने धावदोरा. एका दुपट्याला आठ तास कुठे जातात कळत नाही. कापड, दोरा, कडेची पट्टी मिळून १२० रुपये धरा. उरले २८०. म्हणजे तासाला ३५ रुपये. या भावाने कोणी तुमच्याकडे काम मागायला आलं असतं तर तुम्ही दारातूनच परत पाठवलं असतं. आणि तुम्ही देता ते तास कुठले? सासूबाईंचा डोळा लागतो तेवढ्या दुपारचे, नाहीतर सगळी निजानीज झाल्यावर स्वतःच्या झोपेतले. ११ दुपटी म्हणजे ८८ तास. रोज दोन तास मिळाले, जे मिळत नाहीत, तरी दीड महिना. सुई हातात घेताना तुम्हाला एक टाका दिसत नाही, ते अख्खे ८८ तास दिसतात. मग रडू नाही येणार तर काय होणार? याला निगेटिव्ह होणं म्हणत नाहीत हो. याला दमणं म्हणतात.

लेकीच्या बारावीचं वर्ष आठवा. तुम्ही ते दोन ओळींत सांगितलंत, पण मला ती खोली दिसली. रात्रीचे बारा. दिव्याखाली तिची पुस्तकं, पलंगावर तुम्ही मांडी घालून, मांडीवर गोधडीचा कोपरा. ती मधूनच काहीतरी पुटपुटते, तुम्ही दोरा दाताने तोडता. बोलणं नाही. कोणी कोणाकडे काही मागत नाही. ती गोधडी कोणाच्या बारशाला पोहोचायची नव्हती. चार महिन्यांनी झाली काय, वर्षाने झाली काय, कोणी विचारणार नव्हतं. दिवसभरात एवढी एकच जागा अशी होती जिथे तुमच्याकडे कोणाचं काही देणं नव्हतं. तिथेही आता ऑर्डरींची नावं आणि तारखा आल्या. तुमचं हरवलंय ते हे.

आपण "मन रमलं" म्हणतो. रमतं ते मन. आपण त्याला फक्त जागा करून द्यायची आणि बाजूला व्हायचं. "मन रमवणं" असाही प्रयोग आहे, पण तो आपण केव्हा करतो बघा. दवाखान्याच्या बाकावर नंबर यायची वाट बघताना, किंवा घरातलं माणूस गेल्यावर घर खायला उठतं तेव्हा. तिथे मनाला हाताला धरून ओढून न्यावं लागतं, आणि ते कष्टाचं काम आहे. "पॉझिटिव्ह राहा" म्हणणारी माणसं तुम्हाला दिवसभर हेच कष्टाचं काम करायला सांगतात. त्यांना ते कळत नाही. त्यांचा हेतू चांगलाच असतो. पण आधीच गोळ्या, डायपर, फिजिओथेरपीचे व्यायाम, डाळ-तांदूळ आणि ११ दुपटी डोक्यावर असलेल्या बाईला हे बारावं दुपटंच झालं.

म्हणून ती तीन चांगल्या गोष्टींची वही आजपासून बंद. लेकीला वाईट वाटणार नाही, तिला कसं सांगायचं ते पुढे लिहिते.

हे मी स्वतः भोगून सांगते आहे. ५२व्या वर्षी मी पेटी शिकायला लागले. सदाशिव पेठेत घराजवळच क्लास होता. पहिले सहा महिने नुसते अलंकार. सारेग, रेगम, गमप. डाव्या हाताने भाता, उजव्या हाताची बोटं पट्ट्यांवर, आणि बाई म्हणायच्या, "भाता श्वासासारखा चालू द्या, धापा टाकू नका." संध्याकाळी सातला पेटी उघडली की शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या, खाली गल्लीत अडकलेल्या रिक्षांचे हॉर्न, सगळं त्या सुरांच्या मागे जाऊन बसायचं. मग कोणीतरी सुचवलं, एवढं येतंय तर परीक्षा द्या. प्रारंभिक दिली, प्रवेशिका प्रथम दिली. मार्क चांगले पडले, घरी पेढे आले. पुढच्या परीक्षेची तयारी सुरू झाली आणि संध्याकाळचे सात वाजले की माझ्या पोटात गोळा यायला लागला. हातावर ताल देताना मात्रा चुकायची, दुगुणीत, म्हणजे दुप्पट लयीत, गाडी घसरायची. परीक्षा वाईट नसतात. ज्यांना त्या पायऱ्या चढायच्या आहेत त्यांना त्या हव्यातच. मला चढायचं नव्हतं, मला संध्याकाळचे सात हवे होते, आणि हे माझं मला ओळखता आलं नाही. पेटी खोळीत गेली ती तीन वर्षं बाहेर आली नाही. त्या तीन वर्षांत मीही सगळ्यांना सांगत होते की माझा पूर्वीचा उत्साह राहिला नाही, वय झालं.

पुन्हा काढली तेव्हा दोन पट्ट्या अडकत होत्या, भात्यातून हवा गळत होती. दुरुस्त करून आणली आणि परत सारेग, रेगमवर आले. त्याला दहा वर्षं झाली. आजही मी तेवढंच वाजवते, आणि दोन-तीन अभंगांच्या चाली. कोणी विचारलं तर सांगते, शिकते आहे.

दिवाळी तोंडावर आली आहे. तुमच्या सोसायटीत जिन्याखाली किंवा पार्किंगच्या कोपऱ्यात किल्ल्याची तयारी सुरू झाली असेल. सासूबाईंना संध्याकाळची गोळी दिल्यावर दहा मिनिटं खाली उतरा आणि नुसतं बघा. विटा, दगड, त्यावर भिजवलेलं पोतं, पोत्यावर चिखलाचे थर. कोपरापर्यंत हात माखलेले. अळीव पेरून झाला की दर तासाला कोणीतरी वाकून बघतं, उगवला का. कसबा पेठेतल्या कुंभारवाड्यातून आणलेले मावळे अजून कागदात गुंडाळलेले असतात आणि कोणाला कुठे उभं करायचं यावर भांडण चालू असतं. खंदकात पाणी ओततात, ते मुरतं, पुन्हा ओततात, पुन्हा मुरतं. दहा-बारा दिवसांनी हा सगळा ढिगारा घमेल्यात भरून फेकायचा आहे हे त्यांतल्या प्रत्येकाला माहीत असतं. तरी मुख्य दरवाजाची कमान नीट गोल आली पाहिजे म्हणून एखादा पोरगा तासभर चमच्याने माती खरवडत बसतो. त्याच्याजवळ जरा जास्त वेळ थांबा.

क्षणात जगण्याचं तुम्ही लिहिलंत. माझा क्षण गोळीच्या वेळेला बांधलेला आहे, असं तुम्ही म्हणता, आणि ते अगदी खरं आहे. रुग्ण सांभाळणाऱ्या बाईला "वर्तमानात राहा" सांगणं सोपं नसतं, तिला सतत पुढच्या दोन तासांचा विचार करावाच लागतो. तो सोडून द्या असं मी म्हणणार नाही. घड्याळ सासूबाईंच्या गोळ्यांसाठी राहू दे. तुमच्या स्वतःच्या वेळेसाठी दुसरं माप घ्या.

आमची आजी गोधडी शिवताना वेळ दोऱ्याने मोजायची. हातभर दोरा तोडायचा, ओवायचा, गाठ मारायची आणि तो संपेपर्यंत शिवायचं. एक दोरा म्हणजे एक बैठक. दोरा संपला की उठायचं, दुधाखालचा गॅस बघायचा, कोणाला काय हवं ते द्यायचं. वेळ मिळाला तर दुसरा ओवायचा, नाही मिळाला तर सुई तिथेच कापडात टोचून ठेवायची. एका दोऱ्याला मला वीसेक मिनिटं लागतात. एवढी फट दोन गोळ्यांच्या मध्ये नक्की सापडते. त्या वीस मिनिटांत "मी आता शांत आहे का" हे तपासू नका. टाका बघा. सुई खाली जाताना थरांचा जो किंचित विरोध लागतो, मग बोटाला लागणारं खालचं टोक, दोरा ओढताना होणारा तो खरखरता आवाज, एवढ्यावरच लक्ष असू दे. पहिले चार-पाच दिवस मन ऑर्डरींकडेच धावेल. धावू दे. हात चालू ठेवा. हात एकदा बसला की मन आपोआप मागे येतं, हा माझा पेटीचाही अनुभव आहे.

आता शिवायचं काय? दुपटं नाही. नवं कापड नाही. एक मोठी गोधडी, घरातल्या जुन्या साड्यांची, आणि ती विकायची नाही. तिचा फोटो काढायचा नाही, निदान पूर्ण होईपर्यंत. कधी होणार हे कोणाला सांगायचं नाही. बक्षीस म्हणून कोणाला कबूल करायची नाही, लेकीलासुद्धा नाही.

आणि इथे सासूबाई येतात. तुमच्या अख्ख्या पत्रातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटली ती ओळ त्यांची आहे. तुम्हाला ती टोचली हे समजतं. दिवसभर ज्यांचं सगळं करायचं त्यांनीच खोड काढावी, याने कोणाचाही बांध फुटेल. पण जरा थांबून ती ओळ पुन्हा वाचा. ८३ वर्षांची बाई, नजर अधू झालेली असणार, कॉटवर पडल्या पडल्या तुमच्या हातातल्या दुपट्यावरचा धावदोरा वाकडा गेलाय हे तिला दिसतं. ज्याचा हात त्या कामात बसलेला असतो त्यालाच हे दिसतं. त्यांच्या काळी गोधडी विकत आणायची वस्तू नव्हती. उन्हाळ्यात, वाळवणं आटोपली की दुपारी बायका जमिनीवर साड्या अंथरायच्या, चारी बाजूंनी चारजणी बसायच्या आणि कडेपासून आत शिवत यायच्या. माझी खात्री आहे की सासूबाईंनी अशा कितीतरी शिवल्या असतील. तुम्ही त्यांना कधी विचारलंत का? मला वाटतं नसेल विचारलं. औषधं, व्यायाम, जेवण यांतून विचारायचं सुचतच नाही.

दोन वर्षं त्या कॉटवर आहेत. त्यांच्याकडेही कोणी काही मागत नाही, पण ते वेगळं. तुमच्याकडे कोणी मागू नये असं तुम्हाला वाटतं, आणि त्यांच्याकडे कोणीतरी काहीतरी मागावं असं त्यांना वाटत असेल. "वाकडा गेलाय गं" हे त्यांचं त्या कामात शिरायला बघणं असू शकेल. बोलण्याची पद्धत चुकली, मान्य. त्या पिढीला कौतुक तोंडावर करायची सवय नव्हती.

म्हणून त्यांच्या साड्या काढा. कपाटाच्या वरच्या खणात, नाहीतर माळ्यावर बोचक्यात असतीलच. एखादी सुती नऊवारी, एखादं विरलेलं इरकल, रोजच्या वापरातल्या पाचवारी. नव्या कापडाला येत नाही असा मऊपणा त्यांना असतो, शंभरदा धुऊन आलेला. बोचकं त्यांच्या कॉटवर सोडा आणि एकेक साडी त्यांच्या हातात द्या. डोळ्यांना दिसलं नाही तरी बोटांना काठ ओळखू येतो. ही कोणी घेतली होती, कुठल्या सणाला, कोणाच्या बारशात नेसलेली, हे सगळं बाहेर येईल. काही गोष्टी तुम्ही दहादा ऐकलेल्या असतील, एखादी कधीच ऐकलेली नसेल. कुठली साडी वर यायची, कुठली पोटात जायची हे त्यांना ठरवू द्या. एखादी फाडायला त्या नाही म्हणाल्या तर ती घडी करून परत ठेवा.

मग अंथरायचं काम. साड्यांचे चार-पाच थर सुरकुती न पडता एकावर एक, आणि सरकू नयेत म्हणून मोठे कच्चे टाके. थर एकदा नीट बसले की पुढचं सोपं आहे. कडेने धावदोरा सुरू करायचा, चौकोनात फिरत फिरत आत यायचं, दोन ओळींत बोटभर अंतर. दोरा जरा जाड घ्या. मधल्या बोटाला अंगुस्तान घाला, पाच थरांतून सुई ढकलताना बोटाला भोकं पडतात. वाकडं गेलं तर उसवू नका. माझ्याकडे आजीची एक गोधडी आहे, तिच्यात एका कोपऱ्यात चार ओळी चक्क तिरक्या गेल्या आहेत. त्या वर्षी तिला डोळ्यांचा त्रास होता असं आई सांगायची. ती गोधडी मी हातात घेते तेव्हा माझी बोटं आधी त्या कोपऱ्याकडे जातात.

आणखी एक सांगते. मधोमध येऊन गोधडी बंद व्हायच्या आधी आजी भाकरीचा एवढासा सुका तुकडा आत ठेवायची. म्हणायची, गोधडीचं पोट रिकामं ठेवू नये, पांघरणाऱ्याला भूक लागते. सासूबाईंकडे असं काही होतं का, तेही विचारा.

आता ऑर्डरींचं. ज्या बाळांचा जन्म अगदी जवळ आलाय अशा किती, ते बघा. दोन असतील, फार तर तीन. तेवढ्या पूर्ण करायच्या की नाही हे तुमच्या अंगात किती त्राण आहे त्यावर ठरवा, नाही केल्यात तरी चालेल. बाकीच्यांना एक साधा निरोप: "घरच्या आजारपणामुळे संक्रांतीपर्यंत काम थांबवलं आहे. तुम्ही दिलेली आगाऊ रक्कम आज परत पाठवते आहे." एवढंच. माफीचे चार परिच्छेद नकोत, कारणांची यादी नको. रक्कम त्याच दिवशी परत करा, म्हणजे मनावरचा भार खरोखर उतरतो. एखादी नाराज होईल. तिच्या बाळाला दुसरीकडून दुपटं मिळेल. आणि संक्रांतीनंतर पुन्हा घ्यावंसं वाटलंच, तर महिन्याला दोनच, आणि भाव नीट लावा. तासाचे १०० रुपये धरले तरी दुपटं ९२० रुपयांना जातं. एवढे कोण देणार, असं वाटेल. चारजणी देतील. त्या चौघींचंच शिवा.

पैसे मिळवण्यात काही वाईट आहे असं मी मुळीच म्हणत नाही. आपल्या बायकांच्या हातातली कला फुकट समजली गेली, तिचा मोबदला मागायला आपण आत्ता कुठे शिकलो. पण "इतकं छान करतेस, विकत का नाहीस?" हे वाक्य हल्ली कौतुक म्हणून सरसकट बोललं जातं आणि मला त्याची काळजी वाटते. लोणचं घाला, कुंडीत मोगरा फुलवा, रांगोळी काढा, पाठोपाठ हे वाक्य येतंच. घरात एखादी गोष्ट अशी असावी जिला भाव नाही. तुमच्या घरात ती ही गोधडी असू दे.

लेकीबद्दल. ती लांब आहे, तिला आजीचं आजारपण आणि आईचा थकवा दोन्ही फोनवरून कळतं आणि तिच्या हातात काही नाही. म्हणून ती वही आणून देते. तिला असं सांगा: वही नको, रविवारी रात्री दहाला व्हिडिओ कॉल कर. फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवा. ती तिचं लॅपटॉपवरचं काम करेल किंवा कपड्यांच्या घड्या घालेल, तुम्ही एक दोरा शिवा. बोलायचं नाही. बोलावंसं वाटलं तर बोला, पण कशी आहेस, जेवलीस का, ही उलटतपासणी नाही. बारावीच्या वर्षीसारखं. तिलाही त्या रात्री आठवत असतील.

आणि रविवारी सकाळचे दोन तास मिस्टरांचे. आठवडाभर ते दमतात हे खरं, पण आई त्यांची आहे, आणि गोळ्यांचा कागद फ्रिजवर चिकटवला की दोन तास कोणालाही जमतात. तुम्ही बाहेर पडा. मैत्रीण नको, पिशवी नको, येताना भाजी आणायची नाही. या दिवसांत पुण्यात बुचाची फुलं पडतात. पहाटे झाडाखाली पांढरा सडा असतो. एक उचलून बघा. बोटभर लांब नळी, टोकाला पाकळ्या, आणि वास असा की हातरुमालात ठेवलं तर दुपारपर्यंत पुरतो. लहानपणी तुम्हीही यांच्या वेण्या केल्या असतील, सुई नाही, दोरा नाही, नळीत नळी अडकवत. अजून जमतं का बघा. चार फुलं सासूबाईंच्या उशाशी ठेवायला आणा.

एखाद्या रविवारी जंगली महाराज रस्त्यावर पाताळेश्वरला जा. आपण त्या रस्त्याने शंभरदा जातो आणि पायऱ्या उतरून आत जायचं राहूनच जातं. आठव्या शतकातलं, खडकात कोरलेलं लेणं. समोर तो गोल नंदीमंडप. आत गेलं की रस्त्याचा आवाज एकदम खाली बसतो आणि पायांना दगडाचा गारवा लागतो. हे लेणं पूर्ण झालेलं नाही, कोरीवकाम मध्येच थांबलेलं आहे. खांब साधे, भिंती तासलेल्याच. त्या अर्धवट लेण्यात आजही दिवा लागतो. तिथे खांबाला टेकून वीस मिनिटं बसा. मी बसते.

एक गोष्ट मात्र गांभीर्याने सांगायची आहे. ऑर्डरी थांबवून, थोडी विश्रांती घेऊनही दोन आठवड्यांनंतर रडू तसंच येत असेल, झोप लागत नसेल किंवा पहाटे तीनला जाग येऊन पुन्हा डोळा लागत नसेल, जेवण जात नसेल, कशातच गोडी वाटत नसेल, तर ते छंदाने भागणारं नाही. डॉक्टरांना दाखवा. पन्नाशीच्या आसपास पाळी जाण्याच्या काळातही असं होतं, थायरॉइडनेही होतं, त्याच्या तपासण्या आहेत, औषधं आहेत. आणि एखाद्या रात्री फारच असह्य झालं तर टेली-मानस ही सरकारी मदतवाहिनी आहे, क्रमांक १४४१६. चोवीस तास चालू, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. सासूबाईंच्या गोळ्यांच्या कागदाखालीच तो नंबर लिहून ठेवा.

आज लगेच सगळं करू नका. ग्राहकांना निरोप पाठवा आणि दुपारी चारच्या चहानंतर माळ्यावरचं ते बोचकं तेवढं खाली काढा. सासूबाईंना विचारा, पहिली साडी कुठली घेऊ. आणि शिवायला बसलात, त्या पुन्हा म्हणाल्या की धावदोरा वाकडा गेलाय, तर सुईत नवा दोरा ओवून त्यांच्या हातात द्या.

तुमची,
ताई